डाव्या हाताची तूट

इसम नामे तम्मण्णा बिन नागोजी, धंदा विणकाम, राहणार वडगाव. वय अदमासे अडतीस. बांधा सडपातळ, वर्ण सावळा, नाक सरळ. व्यंग : डावरा. वर्तणूक : आजवर तक्रार नाही. सदर इसम गेले तीन बाजार अर्जदाराच्या शहापुरातील कापड दुकानासमोर बसून, कोणास स्पर्श न करता, शिवीगाळ न करता, आवाज न चढविता, खरे बोलून अर्जदाराचे अतोनात नुकसान करीत आहे. तरी त्याचा बंदोबस्त व्हावा.

हा अर्ज आण्णाप्पा सावकारांनी तोंडी सांगितला आणि कचेरीतल्या कारकुनाने लिहून घेतला. लिहून झाल्यावर कारकुनाने तो वाचून दाखवला. सावकार म्हणाले, ‘खरे’ एवढा शब्द खोडा. कारकुनाने खोडला. आता तम्मण्णा नुसता ‘बोलून’ नुकसान करू लागला.

‘व्यंग’ या घराबद्दलही दोघांत थोडी चर्चा झाली. कारकुनाच्या मते तिथे आंधळा, पांगळा, मुका, बहिरा असं काही लिहायचं असतं. सावकारांच्या मते लग्नसराईत डावरा माणूस हा या चौघांहून वाईट. अर्जाचा स्टँप सावकारांनी भरला होता, तेव्हा व्यंग ठरलं.

त्या व्यंगाची हकिगत अशी.

तम्मण्णा लहानपणी डावा हात ताटात घालू लागला की आई पळीने हातावर मारायची. याचा राग त्याने कधी धरला नाही. जेवायचा हात उजवा, हे त्याने चार-दोन पळ्यांत मान्य केलं आणि जन्मभर पाळलं. शाळेत मात्र मास्तरांनी त्याचा डावा हात खिडकीच्या गजाला सुताने बांधून ठेवला आणि उजव्या हातात पाटीवरची पेन्सिल दिली. वर्षभराने मास्तरांना गाठ उत्तम मारता येऊ लागली. तम्मण्णाला ‘अ’ येत नव्हता. बाप नागोजी एक दिवस शाळेत आला, पोराच्या मनगटावरचा वळ बघितला आणि सूत सोडलं. ते गुंडाळून खिशात घातलं, कारण सूत वाया घालवणं त्याला जमत नसे. पोराला घरी आणून त्याने मागाच्या खड्ड्यात बसवलं.

“देवानं हात दोन दिल्यात,” नागोजी म्हणाला. “मागाला दोन्ही लागत्यात. कुठला कुठं, ते मागाला इचारू.”

वडगावातल्या मागांची रीत साधी होती. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या. एका हाताने दोरीची मूठ झटकली की धोटा आडवा धागा घेऊन उभ्या ताण्यातून सुसाट पलीकडे जातो. दुसऱ्या हाताने हात्या ओढून तो धागा ठोकायचा. सगळ्या गल्लीत मूठ उजव्या हाताला. नागोजीने आपल्या पोरासाठी ती डाव्या अंगाला टांगली, आणि त्या दिवसापासून पोरगं असं विणायला लागलं की नागोजीला आपलं स्वतःचं काम बघायची लाज वाटू लागली. धोटा उजवीकडून डावीकडे जातो, तसाच डावीकडून उजवीकडे येतो. लुगड्याला मूठ कुणीकडे टांगलीय हे कळत नाही, आणि आजतागायत कुठल्याही लुगड्याने तशी तक्रार केलेली नाही.

नागोजी गेला, तम्मण्णाचं लग्न झालं, बायको सोनाबाई रहाटावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरू लागली. आण्णाप्पा सावकारांकडून सूत आणायचं, लुगडं विणून पेढीवर द्यायचं, मजुरी घ्यायची. तम्मण्णाच्या लुगड्याचा काठ पट्टीने आखल्यासारखा, म्हणून सावकार त्याच्याकडे लग्नाचीच लुगडी जास्त द्यायचे. तो डावरा आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सावकारांना कुणी सांगितलं नव्हतं. चांगुलपणा वगैरे नव्हता यात. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

मग तो दसरा आला.

खंडेनवमीला विणकर माग पुजतात आणि त्या दिवशी धोट्याला हात लावत नाहीत. दसऱ्याला सकाळी सावकाराकडून नारळ येतो, तो आणणाऱ्या माणसासमोर पहिला धोटा टाकायचा आणि मग नारळ फोडायचा. दरवर्षी नारळ घेऊन मुनीम यायचा. मुनिमाचा सगळा जीव सोनाबाईच्या शेंगापोळीत, त्यामुळे पहिला धोटा कुणी आणि कसा टाकला हे त्याने एकाही वर्षी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी मुनिमाचा पाय मुरगळला आणि सावकार स्वतः आले. सावकारांना शेंगापोळीने पित्त होत असे.

तम्मण्णाने हात जोडले, कुंकू लावलेली मूठ धरली आणि झटकली.

“थांब, थांब,” सावकार म्हणाले. “हे काय करायलास रं?”

“विणायलोय, सावकार.”

“कुठल्या हातानं?”

तम्मण्णाने आपल्या हाताकडे बघितलं. कुणी तरी चोरीचा माल दाखवावा तसा तो त्याला स्वतःलाच दिसला, आणि याची चीड त्याला पुढे बरेच दिवस आली. “ह्या,” तो म्हणाला.

“म्हंजे इतकी वर्सं लग्नाची लुगडी ह्या हातानं?”

“लग्नाची बी, बारशाची बी. त्यातल्या पोरींची पोरं आता शाळंत जायलेत.”

सावकारांनी नारळ फोडला नाही. परत घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात पेढीवर मजुरी मोजून हातात पडली ती रुपयामागे चार आणे कमी. तम्मण्णाने पुन्हा मोजली. त्याला लिहिता येत नसलं तरी मोजता येत होतं.

“कमी हाय, सावकार.”

“बरोबर हाय. डाव्या हाताची तूट लावलीय.”

“काठ ढिला आलाय?”

“न्हाय बा. काठ उत्तम.”

“वीण इरळ हाय?”

“वीण लई घट्ट. तुझ्यासारखी वीण आमच्याकडं कुनाची न्हाय. मी कशाला खोटं बोलू?” सावकारांनी पान लावता लावता सांगितलं. “माझ्या मनात काय न्हाय, तम्मण्णा. पर लग्नाचं लुगडं. उद्या गिऱ्हाइकाला कळलं तर?”

“कोन सांगनार हाय?”

“कळलं तर, म्हन्तोय मी.”

“आन न्हाय कळलं तर?”

“तर देवाची कृपा.”

“मग देवाची कृपा झाली की माझं चार आनं परत?”

सावकार हसले. पेढीवर बसलेले इतर दोघे विणकरही हसले. त्यांची मजुरी अजून मोजायची होती.

तम्मण्णाने घरी येऊन पैसे सोनाबाईपुढे ठेवले. त्याचा राग लवकर वर येणारा नव्हता. चुलीवर ठेवलेल्या मोठ्या हंड्यासारखा तो तापायला वेळ घ्यायचा आणि मग निवायलाही. सोनाबाईने पैसे बघितले, कारण ऐकलं आणि रहाट थांबवला.

“लुगडं इकताना तूट लावतोय का त्यो?”

“कशी?”

“गिऱ्हाइकाला चार आनं कमी करून देतोय का? ‘घ्या बाई, डाव्या हाताचं हाय, सस्तात न्ह्या,’ असं म्हन्तोय?”

“न्हाय गं. सगळ्यात मिसळून इकतोय. त्याच भावानं.”

“मग अपशकुन गिऱ्हाइकाला आन पैसं त्येला?” सोनाबाई म्हणाली. “ह्यो कसला देव रं बाबा?”

शेजारच्यांनी सल्ला दिला की कशाला वाद, हात बदल. सल्ला द्यायला काही सूत लागत नाही. तरी तम्मण्णाने बदलला. मूठ उजव्या अंगाला टांगली आणि अडतिसाव्या वर्षी पहिल्यापासून विणायला बसला. धोटा कधी अर्ध्यात अडके, कधी ताण्यातून उडून सोनाबाईच्या रहाटापाशी येऊन पडे. आठवड्याला दोन लुगडी उतरायची तिथं एक उतरेना. जे उतरलं त्याचा काठ गोगलगाईच्या वाटेसारखा. खांदा ठणकायचा, जेवताना घास हातातून सुटायचा. ते लुगडं पेढीवर नेलं.

“आता उजव्या हातानं विणलंय,” तो म्हणाला.

“ते दिसायलंयच,” सावकार म्हणाले, आणि काठाच्या दोषाबद्दल पैसे कापले.

उजव्या हाताची वीण वाईट म्हणून कापले आणि डाव्या हाताची वीण चांगली असूनही कापले. दोन्ही हातांचा हिशोब करून तम्मण्णा त्या दिवशी शहापूरहून वडगावला चालत आला तेव्हा हंडा उकळला होता. घरात शिरताच त्याने मूठ उपटली, पुन्हा डाव्या अंगाला टांगली, आणि असा झटका दिला की दोरी तुटली. दुसरी बांधली.

मग तो पंचांकडे गेला. विणकरांचे पंच बनशंकरीच्या देवळात बसत. त्यांत सगळ्यांत थोर जोतिबा आज्जा. त्याने साठ वर्षं माग चालवला होता आणि बोटांनी धागा चाचपून सूत कुठल्या गिरणीचं ते सांगायचा. सावकारही आले. येताना दुकानातली लुगडी बरोबर आणली होती, कारण तम्मण्णाने तसा निरोपच धाडला होता.

“ह्यात माझी कुठली, तेवढं सावकारांनी सांगावं,” तम्मण्णा म्हणाला. “सांगितली तर मी तूट सोसतो. मरेपर्यंत सोसतो.”

जोतिबा आज्जाने एकेक लुगडं मांडीवर घेतलं. काठ बघितला, पदर बघितला, उलट बाजू बघितली. बोटांनी धागा चाचपला. शेवटी आज्जा म्हणाला, “मला तर काय समजंना. सावकार, तुमी सांगा.”

सावकारांनी लुगड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. “आज्जा, तुमच्यासारख्याला ओळखू येत न्हाय, हीच तर भानगड हाय. ओळखू आलं असतं तर मी बाजूला काढून ठेवलं असतं. येत न्हाय, म्हनून सगळ्या दुकानाला जोखीम. जोखमीचे पैसं कुनी सोसायचे?”

हा मुद्दा पंचांना फार पटला. म्हणजे तो कळला असं नव्हे. पण देवळात बसलेल्या सगळ्यांच्या घरातलं सूत याच माणसाच्या पेढीवरून आलं होतं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आणायचं होतं. जोतिबा आज्जाने तम्मण्णाकडे न बघता सांगितलं, “सोस की रं. चार आन्यांनी कोन मरतंय?”

“मी,” तम्मण्णा म्हणाला. “दर रुपायाला.”

न्यायनिवाडा झाल्यावर देवीला नारळ फुटला. तम्मण्णाने प्रसाद घेतला, उजव्या हाताने, आणि बाहेर आल्यावर पायरीवरच्या शेळीला घातला.

त्या रात्री दोघंही जेवली नाहीत. सोनाबाई अंधारात म्हणाली, “जोखीम जोखीम म्हन्तोय न्हवं त्यो? मग त्येला एकदा दाखव तरी, कशी असती ती.”

तम्मण्णा उठून बसला.

वैशाखात लग्नं धूमधडाक्यात सुरू झाली आणि शहापूरच्या पेठेत बस्त्याच्या बैलगाड्या लागल्या. लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडचे सोयरे, त्यांच्या बायका, एक मान असलेली आत्या आणि एक रुसलेला काका असा सगळा लवाजमा दुकानात गादीवर बसून दिवसभर लुगडी उलथीपालथी करतो. त्या बाजाराच्या दिवशी आण्णाप्पा सावकारांच्या दुकानात कडोलीचा भावकू पाटील, त्याची बायको गुणाबाई आणि त्यांचे बारा-तेरा सोयरे बसले होते. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तम्मण्णा येऊन बसला. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल. कुणालाही तो बस्त्यातलाच एखादा काका वाटला असता.

गुणाबाईने हिरवं लुगडं उजेडात धरायला बाहेर आणलं.

“झकास हाय, आक्का,” तम्मण्णा बसल्या जागेवरून म्हणाला. “पोरगीसाठी?”

“व्हय बाबा. थोरलीसाठी.”

“बघून घ्या हं. ह्या दुकानात काय लुगडी माझ्या हातची हाईत.”

“तू विणकर हाईस? मग तर बरंच की. कसलं बघून घ्यायचं?”

तम्मण्णाने डावा हात वर केला. “मी डावरा हाय. सगळं ह्या हातानं विणतो.”

त्यात विंचू निघावा तसं गुणाबाईने लुगडं लांब धरलं. “अगं बया! हे तुझं हाय?”

“आता ते मला कसं कळनार, आक्का? विणलेलं सगळं सारखंच दिसतंय. सावकारास्नी इचारा. त्येनी डाव्या हाताची तूट म्हनून माझी मजुरी कापलीय, म्हंजे त्यास्नी ओळखू येत असनारच. उगाच कोन कुनाचं पैसं कापंल?”

गुणाबाई आत गेली. आतून आधी तिचा आवाज आला, मग भावकूचा, मग त्या मान असलेल्या आत्याचा; तो शेवटपर्यंत थांबला नाही. सावकार गादीवरून उठून उंबऱ्यात आले.

“ए तम्मण्णा! खोटं सांगतोयस गिऱ्हाइकाला? माझ्या दुकानात डाव्या हाताचं एक बी लुगडं न्हाय!”

“न्हाय?” तम्मण्णा म्हणाला. “मग माझं चार आनं कशाचं कापलं?”

सावकारांनी तोंड उघडलं. लुगडी आहेत म्हणावं तर बस्ता उठतो, नाहीत म्हणावं तर तूट उठते. भावकू पाटील एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी तो बायकोला म्हणाला, “चल गं. ह्या दोघांचं मिटूस्तवर आपली पोरगी म्हातारी हुईल.” गाड्या पुढच्या दुकानाकडे वळल्या. तिथेही वडगावचीच लुगडी होती, आणि तिथल्या एका विणकराला तर एक डोळाच नव्हता. पण ते कुणी सांगितलं नाही.

पुढच्या बाजारी पिरनवाडीचा बस्ता गेला. त्याच्या पुढच्या बाजारी खानापूरकडचे दोन. तम्मण्णा फक्त विचारलं तर सांगायचा, आणि आता लोक येतानाच विचारू लागले होते. सावकारांनी त्याला चहा पाठवला. तो त्याने पायरीवर ठेवून निववला. गडी पाठवले, तम्मण्णा त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलला. नवं सूत द्यायचं बंद केलं; मग तम्मण्णा बाजार नसलेल्या दिवशीही येऊन बसू लागला, कारण आता घरी काम नव्हतं. सोनाबाई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि तीही बसायची.

“घरला जावा की,” सावकार तिला म्हणाले.

“जातो की,” सोनाबाई म्हणाली. “तुमी पुरा दर द्या, हे आमी चाललो.”

असं करता करता अर्ज झाला, आणि उभयता कचेरीत उभे राहिले.

कारकुनाने तम्मण्णाला विचारलं, “तू काय म्हणतोस दुकानासमोर?”

“मी डावरा हाय म्हन्तो.”

“आहेस?”

“हाय.”

कारकुनाने सावकारांकडे पाहिलं. “मग हा गुन्हा कुठल्या कलमात बसवू?”

“त्याचं तोंड बंद करा,” सावकार म्हणाले. “बाकी कलम तुमी बघा.”

कारकून अनुभवी होता. माणसाला गप्प बसवण्यापेक्षा कागदाला बोलायला लावणं सोपं, हे त्याला बरीच वर्षं ठाऊक होतं. त्याने दोघांना बाहेरच्या पिंपळाखाली धाडलं आणि अर्ध्या तासाने आत बोलावून मसुदा वाचून दाखवला. “सदर तम्मण्णा बिन नागोजी हा आज तारखेपासून उजव्या हाताचा विणकर समजण्यात यावा. अर्जदाराने त्यास सर्व विणकरांप्रमाणे पुरा दर द्यावा. सदर तम्मण्णाने आपल्या हाताविषयी पेठेत वाच्यता करू नये. मागील तूट हा विषय संपला असे उभयतांनी समजावे.” हा कागद दुकानात लावला की गिऱ्हाइकाचं तोंड बंद, असं त्याने सावकारांना समजावलं. सावकारांना लग्नसराईचे उरलेले मुहूर्त डोळ्यांसमोर दिसत होते. त्यांनी मान डोलावली.

“मागचं का संपलं?” तम्मण्णा म्हणाला. “दसऱ्यापासनं कापल्यात. माझ्या घामाचं हाईत ते. संपलं म्हंजे कुनाचं संपलं?”

“तडजोड आहे ही,” कारकून म्हणाला. “तडजोडीत दोन्ही बाजूंनी थोडं सोडायचं असतं.”

“त्येनी काय सोडलं?”

कारकुनाने टीपकागद उचलून बघितला, पुन्हा ठेवला.

“आन मी उजवा न्हाय,” तम्मण्णा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला, कचेरीतले इतर लोक वळून बघू लागले. “मी चोरी केली न्हाय, कुनाचं लुगडं नासवलं न्हाय. ह्या हातानं त्येची पेढी उभी केली. त्यो हात लपवून मी त्येच्याकडनं माझीच मजुरी मागू?”

सोनाबाई दाराशी उभी होती. तिने त्याचं धोतर ओढलं. “आवं, कागद म्हनू दे की उजवा. कागद मागावर बसनार हाय व्हय? दर घ्या. सकाळी घरात काय टांगायचं ते आपुन बघू.”

तम्मण्णाने सोनाबाईकडे बघितलं. घरात सूत नव्हतं. डाळ नव्हती. सावकार खिडकीबाहेर बघत होते. पुरा दर द्यायला लागणार म्हणून त्यांचाही चेहरा अन्याय झाल्यासारखा दिसत होता.

“अंगठा कुठं लावू?” तम्मण्णा म्हणाला.

सही येत नव्हती. कारकुनाने शाईची डबी उघडून पुढे सरकवली. तम्मण्णाने दात आवळून उजवा अंगठा शाईकडे नेला. कारकुनाने तो हात बाजूला सारला आणि दुसरा धरला. सरकारी कागदावर पुरुषाचा अंगठा डाव्या हाताचाच घेतात.